आज वैशालीचा एकही फाऊल नाही

मंडळी, आज धुळ्यात आमच्या कॉलेजच्या मुली बास्केटबॉलचा सामना हरल्या. शिक्षिका म्हणून मी सोबत होते.

वैशाली संघातली सर्वांत उंच मुलगी. बास्केटखालची जागा तिची. तिथे धक्काबुक्की चालतेच, आणि ती कोणाला हटत नाही. बहुतेक सामन्यांत पाचवा फाऊल होऊन ती बाहेर बसते, तेही हसत.

आज समोरचीने कोपर मारला की ही बाजूला व्हायची.

"वैशू, आज तुना उपास शे का?" मैत्रिणी ओरडल्या. खेळाचे सर ओरडले, "अगं, अंगावर जा!" ती गेली नाही.

मध्यंतरात मी कारण विचारलं.

"मॅडम, दोंडाईच्याचे पाहुणे वर बसलेत. मला बघायला आलेत. धक्के मारताना पाहिलं तर काय म्हणतील?"

सामना संपल्यावर पाहुण्यांमधल्या अक्का सामना बघायला आलेल्या तिच्या आईला म्हणाल्या, "पोर भलती शांत शे. आमले पसंत शे." आईने डोळे पुसले.

वैशाली खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने मान वर केली नाही.

त्यांना पसंत पडलेली मुलगी मी आज पहिल्यांदाच पाहिली. तिचं अभिनंदन कसं करू, सांगाल?