काचताईंच्या नऊ हजार काचा

वेधशाळेत त्यांना सगळे काचताई म्हणत. तळघरातल्या नऊ हजार काचा त्यांच्या ताब्यात होत्या. एकेका काचेवर एकेका ताऱ्याचा उजेड होता. दुर्बिणीतून येऊन लोलकातून पसरलेला तो उजेड फोटोसाठी दिलेल्या जिलेटिनच्या पातळ थरावर बोटभर पट्टा होऊन उमटलेला असे. पट्ट्यात बारीक रेघा असत. ताऱ्यातलं प्रत्येक मूलद्रव्य उजेडातले आपापले ठरलेले रंग गिळतं आणि त्या जागी रेघा सोडतं. सोडियमची जागा वेगळी, लोखंडाच्या जागा वेगळ्या. भिंगाखाली त्या रेघा मोजण्यात काचताईंची सव्वीस वर्षं गेली होती. त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत, "हिला ताऱ्यातलं सोडियम कळतं, भाजीतलं मीठ तेवढं कळत नाही."

तळघराच्या छतातला नळ पाझरतोय, असं त्यांनी चार वेळा लिहून दिलं होतं. चारही वेळा "बघतो" म्हणून बोळवण झाली. जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतर त्या कामावर आल्या, दार उघडलं, तर पाणी थेट त्यांच्या चपलांवर आलं.

खालचे सगळे कप्पे बुडाले होते. त्यांनी एक पाकीट उघडून काच अलगद ओढली. थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि घरंगळून पाण्यात पडला. दुसऱ्या काचेचंही तेच झालं. मग त्यांनी हात लावणंच थांबवलं. पण तशाच ठेवल्या तर त्या एकमेकींना चिकटणार होत्या. करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत.

दुपारी बातमी ऐकून वेधशाळेचे पूर्वीचे प्रमुख, मोठे सर, आले. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. तरुणपणी त्यांना एक तारा अचानक भडकलेला सापडला होता. बारा दिवसांत तो विझला. त्याची एकच चांगली काच होती आणि तिच्यात एक रेघ अशी होती, जी कुठल्याच मूलद्रव्याशी जुळत नव्हती.

काचताईंनी ते पाकीट शोधून काढलं. वर सरांचं अक्षर जसंच्या तसं होतं. आतली काच त्यांनी छतालगतच्या खिडकीसमोर धरली. पलीकडचं अंगण स्वच्छ दिसलं.

"काच आहे, सर."

"नुसतीच?"

काचताईंनी मान डोलावली. सर ओल्या बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "तुम्ही मोजली होती ना ती? खरी रेघ होती, की ओरखडा?"

"मला रेघ वाटली होती."

"वाटली होती," सर म्हणाले. त्यात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच काचताईंना सोसेना. तो उजेड पृथ्वीला ओलांडून केव्हाच पुढे गेला होता.

आठवडाभर खपून त्यांनी वरच्या कप्प्यांतल्या सहाशे चाळीस काचा वाचवल्या. नळ दुरुस्त झाला. बाकीच्या काचांचं काय करायचं, असं कार्यालयाने लेखी विचारलं. तो कागद अजून काचताईंच्या टेबलावर आहे.