जनान्यातले टायर

१९५६ साल. मी चौतीस वर्षांचा, निजामाच्या जुन्या राजधानीत, मलकपेठच्या ठाण्यात जमादार. शिक्षण चौथी, पण गुन्हा उघडकीस आणण्यात मी कुणाला हार जात नव्हतो. ती एक केस मात्र अजून मनातून जात नाही.

एका नवाबसाहेबांना अमेरिकन मोटारींचा नाद. अमेरिकेत मंदी होती त्या काळातल्या, लांबलचक, बारा सिलिंडरच्या पाच गाड्या त्यांनी जमवलेल्या. त्यातली एक चोरीला गेली. कोठी भागातल्या एका मेकॅनिकनं खबर दिली, मुंबईचा दलाल अशाच गाड्या शोधत आला होता आणि नवाबांच्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, म्हाताऱ्या ड्रायव्हरशी बोलत होता.

भाषेप्रमाणे राज्याची वाटणी होणार होती. माझं नाव मराठवाड्यात बदलीच्या यादीत. जाण्याआधी केस मिटवायचीच, हा माझा हट्ट. ड्रायव्हरला उचलला.

"गाडी कौन बेचा, मियां?"

"मालूम नहीं, साब."

दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या उजव्या हातावर काठी चालवली. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"मैंच बेचा, साब. लिख लेव."

ठाण्याच्या मुनशीनं उर्दूत जबाब लिहिला. मी मिशीवरून हात फिरवला.

दुपारी पंचनाम्यावरची एक सही राहिली म्हणून देवडीत गेलो. उरलेल्या चारही गाड्या लाकडी ठोकळ्यांवर, टायर काढलेले. पहिल्या दिवशीही मी हे पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं.

पहारेकरी म्हणाला, "टायर जनाने में रहते, जमादारसाब. ठंडे कमरे में."

जनान्यात, बायकांच्या भागात, ड्रायव्हरला पाऊल टाकता येत नाही, आणि टायर चढवल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे टायर देणारा घरचाच.

मी परत येऊन कोठडीत ड्रायव्हरसमोर बसलो. "टायर कौन दिया?"

"छोटे साब को नक्को पकडो. गोद में खिलाया मैं उनको."

"मग आधीच सांगायचं होतं!"

"तुम नाम मांगे, साब. मैं नाम दिया."

नवाबाच्या मुलानं तासाभरात कबूल केलं. बापानं 'घर का मामला' म्हणून तक्रार मागे घेतली. डॉक्टर म्हणाले, हा हात आता स्टिअरिंग धरणार नाही. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

मारून नाव मिळतं, एवढंच मी शिकलो. ते कुणाचं, हे काठीला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनशीला म्हणालो, "रोजनाम्यात लिही, हात जमादारानं मोडला."

"पागल हुए क्या? नौकरी जाएगी!" त्यानं लेखणी खाली ठेवली.

मला उर्दू लिहिता येत नव्हतं. रोजनाम्याची वही ओढली आणि उर्दू नोंदींखाली त्याच पानावर, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत, मराठीत तेच लिहून खाली सही केली.