राधेची हनुवटी

ती घटना अजून डोळ्यांसमोर आहे. त्यातला चेहरा मात्र मला शेवटपर्यंत धड दिसला नाही.

मी तेव्हा रत्नागिरी शहरात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी एसटी स्टँडजवळच्या लॉजचा मॅनेजर घाईघाईने आला. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक उतरलं होतं. तोंड डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्याने आवळलेलं, बाहेर पडत नाही, नुसती पेज मागवतो.

"साहेब, आजारी असेल म्हणून मी गप्प बसलो," मॅनेजर म्हणाला. "पण दुपारी खोलीतून पैंजणांचा आवाज येतो. आणि आत बाई गेलेली मी तरी पाहिली नाही."

कोंडून ठेवलेली बाई असेल, तर वेळ घालवून चालणार नव्हतं. स्टेशन डायरीला नोंद केली, महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो. दार एका प्रौढ माणसाने उघडलं. डोळे तेवढे दिसत होते, बाकी सगळी सूज. खोलीत बाई नव्हती. पिशवीत मात्र हिरवी साडी, खोटे दागिने, लांब केसांचा टोप, पावडरचा डबा आणि पैंजण निघाले.

आमचे हवालदार सावर्ड्याचे. नोकरी मुरलेली, पण कल्पनाशक्ती दांडगी. ते माझ्या कानाशी येऊन, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं कुजबुजले. "साहेब, बाईचं सामान आहे, बाई नाही. बाईचं काय केलं यानं?"

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली. मारहाणीने माणूस बोलतो, पण खरं बोलतोच असं नाही, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो. त्याला पाणी दिलं आणि समोर बसवलं.

"नाव?"

त्याने दातांतल्या दातांत सांगितलं. संगमेश्वरकडच्या एका गावाचा, मुंबईत नोकरीला.

"तोंडाला काय झालं?"

"पडलो."

"साडी कोणाची?"

त्याने खिशातलं ओळखपत्र पुढे केलं. ओळखपत्रावरच्या फोटोत भरलेला गळा आणि खाली ठसठशीत दुसरी हनुवटी होती. समोरच्या माणसाचं पट्ट्याखाली काहीच कळेना. पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने हात जोडले. "सायब, माला आत टाका. पण गावात कळवू नका."

आत जायला तयार आणि गावाला भिणारा आरोपी मी पहिल्यांदाच पाहत होतो. अर्थात, मी गावातच कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पहिल्या गाडीने आली. नवरा मुंबईत कामावर आहे, असं समजून ती निवांत होती. तिची नजर आधी टेबलावरच्या साडीवर गेली.

"ही माजी साडी! गणपतीपास्नं शोधतंय मी!"

"आणि हा माणूस?"

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यो माजा घोव नाय. माज्या घोवाला हनुवटीखाली आनखी एक हनुवटी हाय."

"अगं, मीच तो," पट्ट्याआडून आवाज आला.

"चोरसुद्धा असंच बोलंल," ती म्हणाली. ती खरंच ओळखत नव्हती की रागावली होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

हवालदारांनी माझ्याकडे सूचक पाहिलं. प्रकरण आता तोतयेगिरीवर चाललं होतं. तेवढ्यात तो माणूस उठला. त्याने डोक्यावर नसलेली घागर धरली, कमरेला नाजूक झोका दिला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाभोवती नाचत निघाला. आम्ही बघत राहिलो. टेबलाच्या कोपऱ्यावर त्याने गिरकी घेतली.

"उजवीकडनं!" बायको ओरडली. "दरवर्साला तिथंच चुकतोस मेल्या!"

आणि तिने जीभ चावली.

"ओळख पटली, साहेब," हवालदार म्हणाले.

मग त्याने सगळं सांगितलं. शिमग्यात त्यांच्या गावाच्या नमनात, म्हणजे सोंगं आणि गाण्यांच्या खेळात, तो तरुणपणापासून राधा होत आला होता. पाहुणे बाई की बुवा म्हणून पैजा लावायचे. यंदा गावकीच्या बैठकीत ठरलं, की राधा एका कॉलेजच्या पोराला द्यायची आणि याने मावशी व्हायचं. मावशी म्हणजे गौळणींबरोबरची थोराड, वाचाळ बाई.

"मावशीला लोक हसतात, सायब," तो म्हणाला. "माज्याकडं लोक बगत राहायचे."

म्हणून त्याने मुंबईत शस्त्रक्रिया करून गळ्याखालची चरबी काढून घेतली होती. सूज उतरेपर्यंत लॉजवर लपायचं, सराव करायचा आणि कोवळ्या चेहऱ्याने एकदम गावात उभं राहायचं, असा बेत.

"चरबीच काढायची व्हती तर पोटाची काढायचीस," बायको म्हणाली. "राधेला पोट चालतं वाटतं?"

गुन्हा काहीच नव्हता. जबाब घेऊन त्याला सोडलं. जाताना त्याने आम्हाला नमनाचं आमंत्रण दिलं.

शिमग्याला मी पत्नीला घेऊन गेलो. त्याची एका बाजूची सूज उतरलीच नव्हती. राधा झाला तो कॉलेजचा पोरगा. शेवटी मावशी आली, हिरव्या साडीत, वाकडा गाल पदराआड झाकून. आल्या आल्या तिने कृष्णाला अडवून उलटतपासणी सुरू केली. "नाव? तोंडाला काय झालं? बाईचं काय केलंस?" प्रत्येक प्रश्नाला ती आपल्या गळ्याखालची नसलेली वळी चिमटीत धरून कुरवाळत होती. मंडप गडगडला. प्रश्न विचारताना गळ्याखालची वळी कुरवाळायची सवय माझी होती, आणि ती मला आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

शेजारी पत्नी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. खेळ संपल्यावर मावशी आमच्याकडे आली. घामाने पावडर ओघळली होती. "सायब," ती हळूच म्हणाली, "राधेला एवढ्या टाळ्या कंदी पडल्या नव्हत्या."

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. लपलेल्या माणसाला काय केलंस हे विचारण्याआधी, कोणाच्या नजरेला भितोस हे विचारावं. पुढे कित्येक तपासांत मी हाच प्रश्न आधी विचारला.

परतताना गाडीत पत्नीने माझ्या गळ्याखाली दोन बोटं लावून पाहिली. "हे मात्र काढायचं नाही हं," ती म्हणाली. "मी ओळखणार कशी?"

ती आता नाही. दाढी करताना वस्तरा तिथे आला, की हात थोडा वेळ थांबतो.