सेन्सर वरच्या अंगाला

माझे मिस्टर मस्कतच्या एका गॅरेजात कामाला लागले, त्याला तिसरं वर्ष सुरू होतं. आमची जुनी पेट्रोल गाडी तेव्हापासून मीच चालवत होते. माहेरी दरेकशाला गेले होते. कामठ्याला परतताना रस्त्यात दगड लागला आणि इंजिनाजवळचा धुराचा पाइप तुटला. ट्रॅक्टरसारखी वाजणारी गाडी मी कशीबशी गोंदियाला वेल्डरकडे नेली.

त्याने पाइपाचा नवा तुकडा केला. आता ऑक्सिजन सेन्सर बसवायला त्यात भोक पाडायचं होतं.

"भाभी, नीचे से लगा देता हूँ, आसान पड़ेगा," तो म्हणाला.

मला त्यातलं काही कळेना. मिस्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची जेवणाची सुट्टी होती.

"खालून कायले?" ते म्हणाले. "पाइप थंडा असला का आत पानी धरते, खाली साचते. तापलेल्या सेन्सरवर ते उडालं का तो फुटते. वरच्या अंगानं लाव म्हना, जरासा तिरपा. अन् धूर साफ करते त्या डब्याच्या आधी, इंजिनजवळ. तेथं तो लवकर तापते, मंगच बरोबर सांगते."

"डब्याच्या मांगंही एक आहे ना?" मी विचारलं. तो मी पाहिला होता.

"तो डबा काम करून राहिला का नाही, येवढंच पाहते. पेट्रोल किती द्याचं, ते पुढचाच सांगते इंजिनले."

मी फोन पाइपाजवळ धरला. "अजून वर. हां, तेथंच." वेल्डरने तिथे खडूची खूण केली.

काम सुरू झालं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. मी कॅमेरा माझ्याकडे फिरवला. ते वाळले होते. हात काळे, म्हणून मनगटाने कपाळ पुसत होते. घरी ते गाडीखाली शिरायचे तेव्हा उजेडाला बॅटरी मी धरायची. रोजच्या फोनवर आम्ही सासूबाईंचे गुडघे आणि धानाचं रोवणं एवढंच बोलत होतो.

"कवा येता?"

"सुट्टी मागून राहिलो," ते म्हणाले. दिवाळीतही हेच म्हणाले होते.

गाडी नीट झाली. पाइप तुटल्यापासून समोर लागलेला इंजिनाचा पिवळा दिवा पुन्हा लागला नाही. तरी पुढच्या शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मी त्यांना फोन करून सांगितलं, गाडी आवाज करून राहिली.

"कसा? ऐकव बरं."

मी बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि फोन आत धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"काहीच नाही वाजून राहिलं," ते म्हणाले.

"अजून थोडं ऐका," मी म्हटलं.