निळ्या फायलीतलं कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तरी एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून दार लागलंय का ते पाहिलं. आमच्या घरात संशय बाळकडूतच मिळतो.

माझ्या बाबांचं अकोल्यात कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बाबा वाईट नव्हते, पण गिऱ्हाईक पायरी चढलं की ते आधी त्याच्या हाताकडे बघत, मग तोंडाकडे. बियाणं उगवलं नाही म्हणून कुणी आलं की त्यांचा एकच प्रश्न — "पावती हाय काय? अन् थैली?" दोन्ही असेल तर पुढचं बोलणं, नसेल तर चहा पाजून वाटेला लावणं. चहा मात्र ते प्रत्येकाला पाजायचे. हे बघत मी वाढलो आणि दोन गोष्टी शिकलो. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं, आणि कुठलाही कागद फेकायचा नाही.

दुसरी गोष्ट चांगली आहे ना? मलाही तसंच वाटायचं.

इरफान माझा रूम पार्टनर. अमरावतीला इंजिनिअरिंगला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तो बार्शीटाकळीचा, त्याचे अब्बा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. खोलीतला कॉम्प्युटर त्याचा होता, सुटे भाग जमवून त्यानंच जोडलेला. त्यावर आम्ही दोघं गेम खेळायचो. तोवर सीडीचा जमाना गेला होता. गेम इंटरनेटवरच्या एका दुकानातून घ्यायचे, आणि ते आपल्या नावाच्या खात्यात राहायचे — म्हणजे राहतात असं आपण समजायचं. बँकेचं कार्ड आमच्याकडे नव्हतं. राजकमल चौकातल्या एका मोबाइलवाल्याकडे या दुकानाची कार्डं मिळत. खरवडलं की खाली नंबर, तो टाकला की गेम आपला.

पहिलं कार्ड इरफाननं नाण्यानं खरवडलं, नंबर टाकला आणि कार्ड कोपऱ्यात भिरकावलं. मी उचललं. मोबाइलवाल्याच्या पावतीला टाचलं आणि माझ्या निळ्या फायलीत ठेवलं. तो हसला. "अबे, हे काय सोयाबीनची थैली हाय काय जपून ठेवाले?"

त्याच दिवशी त्यानं खातं उघडलं, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पासवर्ड विसरलात तर काय, म्हणून दुकान एक गुपित प्रश्न निवडायला सांगायचं. पहिली शाळा, आवडते शिक्षक, आईचं गाव, असं काही काही. त्यानं आईचं गाव निवडलं. म्हणाला, "हे कोन इसरते?"

आता बघा, हा प्रश्न ज्यानं कुणी तयार केला तो वऱ्हाडात एसटीनं कधी फिरलेला नसावा. आमच्याकडे शेजारी बसलेला माणूस तुमचं नाव विचारायच्या आधी मामाचं गाव विचारतो. इरफानच्या आईच्या हातचं मी कितीदा तरी जेवलो होतो. त्या माउलीच्या दर दुसऱ्या वाक्यात 'हमारे पातूर में' असायचं. पण त्या दिवशी माझ्या मनात काही आलं नाही. खरंच आलं नाही. एवढं तरी माना.

मग आम्ही एक नकाशा केला. त्या गेममध्ये खेळणाऱ्यांना स्वतःच्या जागा उभारता यायच्या. आम्ही एक जिनिंग फॅक्टरी, कापसातली सरकी काढायचा कारखाना, उभारली. कापसाचे डोंगर, बाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग, आत लपायला हजार जागा. कल्पना माझी होती — पाहिलंत, अजूनही आधी तेच सांगतोय. काम त्याचं होतं. चार महिने तो त्यात गुंतून गेला होता, आणि मी मागे उभा राहून 'इथं वजनकाटा पाहिजे' असं सांगत होतो. बाहेरदेशचे लोकसुद्धा आमच्या जिनिंगमध्ये येऊन खेळू लागले. नकाशा त्याच्या खात्यावर होता म्हणून खाली त्याचंच नाव दिसायचं, आणि ते मला टोचायचं.

गेमच्या त्या दुकानात मीही खातं काढलं होतं, आणि तिथं एक सोय होती. तुमचा मित्र आत्ता खेळतोय का, काय खेळतोय, आजवर किती तास खेळला, सगळं दिसायचं. मी इरफानच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा त्या ओळीकडे जास्त बघायला लागलो. काल अभ्यास करत होतो म्हणाला, मग हे तीन तास कुठले? आणि एक दिवस ती ओळच गेली. त्यानं आपलं सगळं खासगी करून टाकलं होतं. तेवढा हक्क प्रत्येकाला असतो, हे आज मी कुणालाही समजावून सांगीन. तेव्हा मला एवढंच कळलं, की दार लावलंय म्हणजे आत काहीतरी आहे. खोलीत आम्ही दोघंच, मग लपवायचं कुणापासून? मी आत आलो की तो पडद्यावरचं पान बदलायचा. काय चाललंय विचारलं की "काई नाई बे."

सरळ खोदून विचारता आलं असतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर समोरचा खोटंच सांगणार, हे मी घरून शिकून आलो होतो ना.

दिवाळीच्या सुट्टीत तो बार्शीटाकळीला गेला, मी अकोल्याला. त्या साली कपाशीवर बोंडअळी पडली होती. लोक किडकी बोंडं रुमालात बांधून दुकानात यायचे. त्या दुपारी एक म्हातारेबुवा आले होते, पावती पावसात भिजून गेली म्हणाले. बाबांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला बाबांचा राग आला. बाबा जेवायला घरी गेले आणि मी दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. बिलं करायला तो मीच घेऊन दिला होता आणि हौसेनं त्याला माझंच नाव दिलं होतं — 'प्रशांत-दुकान'. इरफानचं खातं समोर काढलं, 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केलं, आणि प्रश्न आला. आईचं गाव?

पातूर.

नवा पासवर्ड टाकल्याशिवाय ते आत सोडेना. मी टाकला. आत गेलो, आणि त्याचे सगळे निरोप वाचले. एका परदेशी कंपनीनं त्याला लिहिलं होतं. जिनिंगचा नकाशा त्यांना आवडला होता, त्यांच्या नव्या गेमसाठी जागा उभारायचं काम द्यायचं होतं, पगारी. शिपायाच्या जागेसाठी इंजिनिअर रांग लावत होते, त्या काळात. इरफाननं उत्तर लिहिलं होतं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आम्ही दोघं आहोत. कल्पना माझ्या मित्राची आहे, त्याचं नाव आधी घाला. आणि खाली — माझा मित्र जरा संशयी आहे, सगळं पक्कं झालं की मीच त्याला सांगीन, तोवर कृपा करून त्याला लिहू नका.

मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. आधी राग आला. मी संशयी? — त्याच्या चोरलेल्या खात्यात बसून मी हे म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी गेमच्या दुकानानं खातं बंद केलं. नवं गाव, नवा कॉम्प्युटर, बदललेला पासवर्ड. त्यांनाही संशय आला, आणि त्यांचा खरा होता. इरफानला मेल आला की अकोल्याहून कुणीतरी शिरलंय, खातं तुमचंच असेल तर पहिल्या खरेदीचं कार्ड आणि पावती यांचा फोटो पाठवा. पंधरा दिवसांत.

तो सुट्टी अर्धवट सोडून अमरावतीला परत आला. मीही आलो होतो — काय होतंय ते बघायला. तो एकदम खुशीत होता. म्हणाला, "तू तं सगळं जपून ठेवतं. ते पयलं कार्ड हाय ना तुयापाशी?" मग म्हणाला, एकदा का खातं उघडलं की कोणत्या कॉम्प्युटरवरून शिरला ते नावानिशी दिसते, साल्याले धरतोच.

नावानिशी.

निळी फाईल कपाटात होती, माझ्या कपड्यांखाली. आम्ही उभे होतो तिथून दोन हातांवर.

मी म्हणालो, "फेकलं वाटते बे."

बस. हे तीन शब्द. एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी तुम्हाला पार अकोल्यापासून फिरवून आणलं.

त्यानं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. मी असतो तर कपाट उपसलं असतं. मोबाइलवाल्याकडे गेलो तर त्याच्याकडे जुन्या पावत्यांची नक्कल नव्हती. मग गेमच्या दुकानाला पत्रं लिहायची ठरली, आणि माझं इंग्रजी बरं म्हणून ती मी लिहिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी चांगल्या इंग्रजीत मारल्या. ग्राहकाचे हक्क, पैसे मोजून घेतलेली वस्तू, सगळं सगळं लिहिलं. उत्तर आलं की आम्ही गेम विकत नाही, खेळायची परवानगी देतो, हे तुम्ही मान्य केलेल्या अटींमध्ये आहे. मग इरफाननं विचारलं, निदान कोणत्या कॉम्प्युटरवरून शिरले ते तरी सांगा. त्यावर ते म्हणाले, गोपनीयतेच्या धोरणामुळे खात्याच्या सिद्ध मालकाशिवाय कुणाला सांगता येत नाही. कुणाची गोपनीयता? माझी. इरफाननं ते पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी म्हणालो, कसे हरामखोर लोक आहेत.

ग्राहकांची कामं बघणारे एक वकील होते, त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, पावती आहे का? तो चहा मला गिळवेना.

कंपनीचं म्हणाल तर इरफाननं नवं खातं काढून त्यांना लिहिलं. त्यांनी विचारलं, तोच तुम्ही कशावरून? जुन्या खात्यावरून लिहा. तिसऱ्या पत्रानंतर त्यांचं उत्तर येणं थांबलं. तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं — ते काम, माझं नाव आधी घालायला सांगितलं होतं ते. आणि मी आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं. चांगलं केलं असणार, कारण त्यानं माझीच समजूत घातली.

अजून एक आहे. ते गाळायचा विचार होता. अकोल्यात इरफानचा चुलतभाऊ राहायचा, सलीम, मोबाइल दुरुस्तीवाला. एका संध्याकाळी इरफान म्हणाला, अकोल्यात अम्मीचं गाव-बिव मालूम असलेला सलीमच हाय, दुसरं कोन? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणू शकत होतो. त्याहून सोपं म्हणजे गप्प बसू शकत होतो. मी म्हणालो, "असू शकते. कोनाचं काय सांगावं."

सलीमच्या लग्नाला इरफानच्या घरचं कुणी गेलं नाही. सलीमनं म्हणे कुराणावर हात ठेवून सांगितलं होतं. पण ज्याच्याकडे पुरावा नाही त्याच्या शपथेला कोण विचारतं? आमच्या दुकानात तरी कुणी विचारत नव्हतं.

शिक्षण संपलं. मला पुण्यात नोकरी लागली, तीही नंतर सोडून मी अमरावतीला परत आलो. इरफान बार्शीटाकळीला गादीचं दुकान चालवतो. बरं चाललंय त्याचं, उगाच गळा काढण्यासारखं काही नाही. गेमचा नकाशा मात्र त्यानं पुन्हा केला नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "जाऊ दे बे. आपलं काय असते तिथं?" दर ईदला तो डबा पाठवतो. दर वेळी मला वाटतं, ह्याला माहीत आहे, हा मला आजमावतोय. डब्यात शीरखुर्मा असतो, दुसरं काही नसतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. मुलगी आलिया बारा वर्षांची झाली, तिला गेमचं खातं हवंय. मला म्हणाला, "तूच काढून दे. अन् पासवर्ड इसरला तं परत उघडाले फोन नंबर मांगते ना, तो तुयाच टाक. मांगं मायासंग काय झालं, मालूम हाय ना तुले. तुयापाशी सगळं जपून रायते."

मी खातं काढलं. नंबराच्या चौकटीत माझा नंबर टाकला.

मग निळी फाईल काढली. इतक्या वर्षांत पावतीवरची शाई उडून कागद कोरा झालाय. कार्डावरचा नंबर मात्र अजून स्पष्ट वाचता येतो. आलियाच्या खात्याचा कागद मी छापून घेतला, पंच मारला, आणि त्याच फायलीत, त्या कार्डाच्या मागे लावून ठेवला.