रेडकाच्या कातड्याचा स्पंज

विभागप्रमुखांनी आमच्या स्पंजवाल्या सरांना फसवलं. सर आता नाहीत, म्हणून लिहितो आहे. असते तर लिहू दिलं नसतं.

सर कॉलेजात शिकवायचे, पण जीव कॅन्सरच्या संशोधनात. माझ्या कातड्याच्या गोदामात ते नाकाला रुमाल न लावता आले, तेवढ्यावरच मी त्यांना खुर्ची दिली. त्यांना रेडकाचं ताजं कातडं हवं होतं, बिनमिठाचं.

"पावणं, मीठ न्हाय लावलं तर सांजच्याला नासतंय."

"त्याच्या आत मी विरघळवतो की!"

घासाघीस त्यांना यायची नाही. मी सांगेन त्या भावाला मान डोलवायचे. मीच चिडायचो, "अहो, भांडा की जरा!"

"तुम्हीच भांडा शेठ, मला ऐकायला बरं वाटतंय."

कातड्यातला चिवट पदार्थ काढून, गोठवून, सुकवून ते पांढरा स्पंज बनवत आणि त्याच्या भोकांत कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी वाढवत. "काचेवर पेशी भाकरीगत पसरती आणि औषधानं मरती. अंगात ती अशी सपाट ऱ्हाती व्हय? स्पंजात तिला चहूबाजूंनी शेजार मिळतो. तिथं तेच औषध लागू पडत न्हाय!" हे मी इतक्यांदा ऐकलं, की गिऱ्हाइकांनाही सांगू लागलो.

मग त्यांच्या गावी, गडमुडशिंगीत, त्यांचे वडील वारले. पेशींचं पोषणद्रव्य दिवसाआड बदलावं लागे. प्रमुख घरी भेटायला आले, म्हणाले, "सुतकात कॉलेजात येऊ नका. मी जातीनं बघतो." सरांनी माझ्यादेखत प्रयोगशाळेची किल्ली दिली.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघं कॉलेजात गेलो. चांगले स्पंज गायब, उरलेले वाळून गेलेले. प्रमुख मुंबईच्या परिषदेत ते स्वतःच्या नावावर दाखवून आले होते.

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. ते थंडपणे म्हणाले, "कातडीवाल्यानं यात पडू नये." भल्याभल्यांना भावात वाकवलेला मी, पण त्या माणसापुढं माझ्याकडे सौद्याला काहीच नव्हतं. सर माझी बाही ओढत होते. "चला की शेठ. नाव कुणाचंबी असू दे. औषधाचं तेवढं सांगितलं असलं म्हंजे झालं."

ते सांगितलंच नव्हतं. प्रमुखांनी फक्त वाढलेल्या पेशी मिरवल्या. सरांनी पुन्हा सुरुवात करायला त्यांच्याकडेच परवानगी मागितली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. पुढं ते गोदामात येऊन नुसते बसत. कातडं मागत नसत. मी देऊ केलं तर म्हणत, "ठेवू कुठं?"

प्रमुख निवृत्त होऊन याच गावात राहतात. त्यांनी चारचौघांत सांगावं: काम चोरलंत ते चोरलंत, पण स्वतः पुढं का नेलं नाहीत, आणि सरांना का नेऊ दिलं नाहीत?