लेह–चंदीगड, व्हाया वसगडे

लडाखच्या पोस्टिंगचे माझे दुसरे वर्ष होते. मी हवालदार, पोस्टवरचा रेडिओ सेट माझ्याकडे. सैन्यातून निवृत्त होऊन आता कोल्हापुरात बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गातली मुले मला मेजर म्हणतात. परवा एकाने विचारले, "मेजर, लेहहून चंदीगडला विमानानं किती वेळ?" मी सांगितले, अंतर सुमारे चारशे किलोमीटर, वेळ एक तास. उत्तर बरोबर होते, पण पुरे नव्हते. नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. घडले तसे लिहितो.

लान्स नायक सादिक हुपरीचा. घरी चांदीचे पैंजण घडवायचे काम. मी कागलचा. तो चिडवायचा, "हायवेवरची माणसं तुम्ही. आतली गावं तुमास्नी काय ठावं?"

पोस्टवर साडेपाचला सेट तपासायचा, सहाला रिपोर्ट द्यायचा. त्या सकाळी ५.४० वाजता सादिक पाण्याचा कॅन घेऊन बर्फावरून घसरला. डोके दगडावर आपटले. मी सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक. डोक्याला मार. ओव्हर."

"सात वाजता हेलिकॉप्टर. तयार राहा. ओव्हर."

लेहला डॉक्टरांनी तपासून चंदीगडला हलवायला सांगितले. सोबत मला पाठवले, कारण त्याची बोली मलाच येत होती. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "झोपू देऊ नका. बोलतं ठेवा."

९.२० ला विमान उडाले. सादिकचे डोळे मिटत होते.

"कुठं आलोय रं?" त्याने विचारले.

एक तास. कोल्हापूर–हुपरी एसटीही थांबत थांबत तेवढाच वेळ घेते. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "स्टँड सुटला! उचगाव आलं, उतरणारं कोण हाय का?"

तो हसला. मी दर दहा-बारा मिनिटांनी एक गाव पुकारत राहिलो. मुडशिंगी झाले. मग त्याने डोळे मिटले ते उघडेचनात. मी खांदा हलवून ओरडलो, "पट्टणकोडोली!"

पुन्हा ओरडलो. तेव्हा ओठ हलले.

"वसगडं ऱ्हायलं की."

"काय?"

"आधी वसगडं. कागलचा कंडक्टर... माणसं चुकीच्या गावाला उतरवशील."

नर्सिंग असिस्टंटने अंगठा वर केला. १०.२० ला चाके धावपट्टीला टेकली. मी म्हणालो, "हुपरी."

सादिक बरा झाला. पाच महिन्यांनी युनिटमध्ये परतला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले, "ह्याच्या गाडीत बसू नका."

पुढच्या हिवाळ्यात गस्तीवर असताना हिमकडा कोसळला. सादिक दुसऱ्या दिवशी सापडला. मला एस्कॉर्ट ड्यूटी मिळाली. तेच विमान, तेच चारशे किलोमीटर. या वेळी पेटीवर तिरंगा होता. चंदीगडहून पुढे दुसऱ्या विमानाने त्याला घरी न्यायचे होते.

मी पेटीशेजारी बसलो. उचगाव म्हणालो. मुडशिंगी म्हणालो. मग मुद्दाम पट्टणकोडोली म्हणालो आणि थांबलो.

इंजिनाचाच आवाज होता.

मग मीच म्हणालो, "वसगडं ऱ्हायलं, सादिक." आणि तिथून पुढची गावे क्रमाने, एकही न चुकवता, हुपरीपर्यंत पुकारली.